पहिल्याच बोलीला उठून गेलास

ओज्या, तुझ्या क्लबातला टेविता म्हणतो, तू मला सांगितलं होतंस.

मी त्याला तिथेच म्हणाले, खोटं आहे. तुझ्या फोटोसमोर, सगळ्या माणसांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाले. ताईने माझा दंड धरला, "अगं, हळू." का हळू बोलू? तुझा-माझा सौदा होता. तो मोडला कोणी, एवढंच मला हवंय. तू मोडला असशील तर मी उरलेलं आयुष्य तुझ्यावर चिडून काढीन. चिडायला मला जमतं, त्यावर दिवस निघतात. पण तू पाळला असशील तर? तर मी कुठे जाऊ, सांग.

तुझे दिवस अजून झालेले नाहीत. तुझे आईबाबा, ताई आणि भाऊजी, रेडमंडहून आलेत, माझ्याच घरी आहेत. भाऊजी दिवसभर खिडकीशी बसून खालच्या गाड्यांकडे बघतात. काल इथल्या मराठी मंडळातून फोन आला, "मावशी, ओजसवर अंकात तुम्हीच लिहा. त्याचे सगळे गेम्स, मेडल्स, इंग्लंडचा क्लब, सगळं कव्हर करा. मुलांना इन्स्पिरेशन मिळेल." मेडल्स ज्याला बघायची त्याने माझ्या हॉलमध्ये येऊन बघावीत, चहाही देईन. मी तुझ्याशी बोलणार आहे. छापायचं तर छापा.

तीन वर्षांचा होतास. कराडला आमच्या खोलीच्या पायरीवरून पडलास, गुडघा फुटला. मी धावत आले आणि घराघरांत जे म्हणतात तेच म्हणाले, "अरे, काही नाही झालं, मुंगी मेली बघ!" बाकीची पोरं खाली बघतात आणि रडणं विसरतात. तू खाली बघितलंस आणि दुप्पट भोकाड पसरलंस.

"माझ्यामुळे मेली?"

मेलेली मुंगी दाखव म्हणून हटून बसलास. शेवटी मी एक चालती मुंगी शोधली. "ही बघ, उठली. पडते, उठते, चालायला लागते." तेव्हा कुठे गप्प झालास. स्वतःच्या गुडघ्यातून रक्त येतंय हे तू त्यानंतर पाहिलंस.

तेव्हापासून आपल्यात "लागलं का?" असं कुणी विचारलंच नाही. मी म्हणायचे, "मुंगी?" तू म्हणायचास, "मुंगी." विषय संपला.

अकराव्या वर्षी तू आईबापांबरोबर अमेरिकेत, पार्सिपनीला आलास. मी आधीच इथे होते, नवऱ्यापासून वेगळी झालेले, लोकांच्या घरी पोळ्या लाटून देणारी. तुझ्या अंगात खो-खो भरलेला. इथे कुणाला खो-खो माहीत नाही. ग्राउंडवर एकटाच वाकडातिकडा पळायचास, मागे कुणी लागल्यासारखा. अमेरिकन फुटबॉलच्या कोचने ते पाहिलं आणि तुला हेल्मेट दिलं. हिवाळ्यात कुस्तीच्या कोचने पाहिलं. वसंतात अडथळ्यांच्या शर्यतीवाल्याने. तीन ऋतू, तीन कोच, आणि तिघंही म्हणायला लागले की मुलाने एकच खेळ धरावा, आमचाच.

भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. एक ना धड, भाराभर चिंध्या."

मी म्हणाले, "चिंध्यांचीच गोधडी होते, भाऊजी. अंगावर तीच उबदार लागते."

तू टेबलाखालून मला पाय मारलास, थँक्यू म्हणून. त्याच वर्षी भाऊजींची नोकरी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला गेली, ताई रडत रडत सामान बांधत होती आणि तू म्हणालास, मी मावशीकडे राहतो, सीझन अर्धा सोडून येणार नाही. घरात भांडण झालं. मी मध्ये पडले. मी मध्ये पडले की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तू राहिलास.

तिन्ही कोचांना मी एकाच दिवशी शाळेत बोलावलं होतं, आठवतं? एका बाकावर बसवलं. कुस्तीचा म्हणाला, "मॅम, धिस इज नॉट अ मार्केट." मी म्हणाले, सगळं मार्केटच असतं, फक्त काही लोकांच्या टेबलावर टेबलक्लॉथ असतो. तासाभराने तिघांनी आपापले दिवस वाटून घेतले होते. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मावशी, त्यांनी पहिल्यांदा नो म्हटलं तेव्हा मला वाटलं संपलं."

"पहिल्या बोलीला कुणी हो म्हणतं का? 'नाही' म्हणजे 'नाही' नसतं रे. 'नाही' म्हणजे 'बसा'."

हे मी तुला शिकवलं होतं. भाजीच्या होलसेल बाजारात, गाडीच्या शोरूममध्ये, माझ्या पोळ्यांच्या धंद्यासाठी किचनची जागा घेताना त्या खडूस मालकासमोर, प्रत्येक ठिकाणी तुला शेजारी उभं करून शिकवलं होतं. पहिली बोली म्हणजे नुसतं दार वाजवणं. दार वाजवून कुणी पळून जातं का? ओज्या, सांग ना. जातं का?

पुढे तू ॲन आर्बरला शिकायला गेलास, तिथे कुस्ती खेळलास, खांदा निखळला, बसवून घेतलास, फोनवर म्हणालास, मुंगी. तिथल्याच कुणाच्या नादाने रग्बी हातात धरलीस. आणि मग एका उन्हाळ्यात मला म्हणालास की रग्बीतही दोन जाती असतात, आणि आपली जात सापडली.

मी म्हणाले, जातीचं नाव काढू नकोस, खेळ समजाव.

माझ्या किचनच्या स्टीलच्या टेबलावर तू तेरा बटाटे इकडे मांडलेस, तेरा कांदे तिकडे. बटाट्यांकडे बॉल. कांद्यांनी बॉलवाल्याला पाडायचं. पाडलं की सगळ्यांनी त्याला सोडायचं, त्याने उठायचं, बॉल जमिनीवर ठेवायचा, पायाने मागे सरकवायचा आणि पुन्हा खेळ सुरू. असं सहा वेळा पाडून घ्यायचं. सहा वेळांत पलीकडे पोचलात तर ठीक, नाहीतर बॉल समोरच्याचा.

"म्हणजे सहा बोल्या," मी म्हणाले. "सहा बोल्यांत सौदा जमला नाही तर माल त्यांचा."

तू कांदा हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिलास. "मावशी, मला कुठल्याही कोचने हे इतकं नीट सांगितलं नाही."

आणि मला तेव्हाच कळलं होतं की हीच ती गोधडी. पळता पळता अंग चोरणं खो-खोचं, धरणं कुस्तीचं, धडक फुटबॉलची, शेवटची झेप अडथळ्यांची. एकही चिंधी वाया गेली नाही. भाऊजींना फोन करून हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि हेल्मेट?"

हेल्मेट नव्हतं. त्यावरून आपण आठवडाभर भांडलो. तू म्हणायचास, "डोक्यावर हेल्मेट असलं की माणूस डोक्याचा हातोडा करतो. नसलं की जपतो." मी म्हणायचे, तू जपशील, समोरचा काय करेल? हे भांडण राहिलंय. बाकी दहा भांडणं मी सोडून देईन, हे नाही.

मग उत्तर इंग्लंडातल्या एका क्लबने तुला बोलावलं. खेळायचा पगार, राहायला जागा. त्यांच्या मॅनेजरचा फोन मी तुझ्या हातातून ओढून घेतला. जागेत गॅसची शेगडी आहे का, विचारलं. इलेक्ट्रिकवर भाकरी फुगत नाही. तो गोंधळला. "आपण त्याच्या एजंट का?"

"आय ॲम हिज मावशी."

"सॉरी, मावशी ही कुठली फर्म?"

तू जमिनीवर लोळत होतास हसून. "माझीच फर्म," मी म्हणाले, आणि गॅसची शेगडी मिळाली. नंतर त्या क्लबात सगळे तुला विचारायचे ना, मावशी अँड कंपनीचं काय म्हणणं आहे?

सौदा झाला तो नूअर्कच्या विमानतळावर जाताना. मी गाडी चालवत होते. मी म्हणाले, प्रत्येक मॅचनंतर फोन करायचा आणि खरं सांगायचं. तू म्हणालास, "खरं सांगितलं तर तू रडशील, आईला सांगशील आणि मला परत बोलावशील."

"नाही सांगणार ताईला."

"खेळ सोड म्हणशील."

"नाही म्हणणार."

"काय काय झालं, कोणी मारलं, डॉक्टर झोपले होते का, सगळं विचारशील."

"मग मी करायचं तरी काय?"

बाहेर पाऊस नव्हता, बर्फ नव्हतं, काही नव्हतं, नुसता ट्रॅफिक. मग म्हणालास, "लहानसहान काही असलं तर मी मुंगी म्हणीन. पण कधी खरंच मोठं असलं ना, तर मी हत्ती म्हणीन. मी हत्ती म्हटलं की तू हातातलं टाकायचं, माझ्याजवळ यायचं आणि बसायचं. बोलायचं नाही. नुसतं बसायचं. जमेल?"

"मला जमत नाही असं काय आहे?"

"गप्प बसणं."

मी तुझ्या मांडीवर चापट मारली. तू म्हणालास, "ठरलं मग. मुंगी मेली, हत्ती मेला."

आणि मी, मीच म्हणाले, "निघताना मेला-बिला काय बोलतोस! अभद्र तोंड. हत्ती आला म्हण."

"बरं. हत्ती आला."

त्यावर आपण हात मिळवले. मी एका हाताने स्टिअरिंग धरलं होतं.

मी तुझी प्रत्येक मॅच लॅपटॉपवर बघितली. इथे सकाळ असायची, मी पोळ्यांची कणीक मळत बघायचे. ताई बघायची नाही, ती देवाजवळ बसायची आणि मध्ये मध्ये मला मेसेज करायची, "संपली?" मला नियम कळायला लागले, मग माणसं, मग त्यांच्या खोड्या. तुला पाडायचे, तू उठायचास, बॉल जमिनीवर ठेवताना खाली बघायचास, आणि तुझे ओठ हलायचे. पहिल्यांदा मला वाटलं शिवी देतोस. मग एकदा कॅमेरा जवळ आला. "मुंगी मेली." प्रत्येक वेळी पडल्यावर, चिखलातून उठताना, मुंगी मेली. मी कणकेचे हात तसेच तोंडावर धरून रडले होते. तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता. मी तुला हे कधी सांगितलं नाही.

मग ती मॅच. दोघांनी तुला दोन्हीकडून धरलं, तुझं डोकं एकाच्या खुब्यावर आपटलं. तू उठलास. बॉल ठेवलास. पण तोंड उलट्या बाजूला करून ठेवलास, आपल्याच गोलकडे. कॉमेंट्री करणारा माणूस हसला, म्हणाला, गावाचा रस्ता विसरला वाटतं. मी हसले नाही. कराडच्या पायरीवरून पडलास तेव्हाही तुला घर कुठल्या बाजूला आहे ते कळत होतं.

फोनवर मी विचारलं, "काय होतं ते?"

"मुंगी."

"ओज्या."

"बरं, डोंगळा होता. पण मुंगीच्याच जातीतला."

"नक्की हत्ती नाही?"

"हत्ती असता तर म्हटलं नसतं का? सौदा आहे आपला."

आणि मी सौद्याची माणूस. दिलेला शब्द मी मोडत नाही, समोरचाही मोडत नाही असं धरून चालते. धंदाच त्यावर चालतो. मी पुढे विचारलं नाही. ठरल्याप्रमाणे.

अजून काही सीझन खेळलास आणि परत आलास, इथल्या शाळेत पोरांना कुस्ती शिकवायला लागलास. रविवारी माझ्याकडे जेवायला. उजेड नको म्हणून घरातही काळा चष्मा लावायचास. आमटीत दोनदा मीठ घातलंस. एकदा माझ्याकडे येताना वाट चुकलास आणि गाडी बाजूला लावून बसून राहिलास, फोनवर म्हणालास, "मावशी, तुझी एक्झिट गेली कुठे?" मी डॉक्टरकडे ओढत नेलं. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या, पुन्हा या म्हणाले. मी दर वेळी विचारायचे, "मुंगी?" आणि तू दर वेळी, "मुंगी." एकदा तर म्हणालास, "वारूळ आहे मावशी, पण मुंग्याच." मी हसले. हसायला लावायचास तू, तेही आता मला खुपतंय.

आणि मग या हिवाळ्यात शाळेतून फोन आला की सर आले नाहीत. मी माझी चावी घेऊन तुझ्या अपार्टमेंटवर गेले. तू झोपलेला होतास. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. खेळामुळे का, विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. मी म्हणाले, अंदाजे सांगा. ते म्हणाले, मॅम, आय ॲम सॉरी. जगातला तो पहिला माणूस, ज्याच्याशी मी घासाघीस करू शकले नाही.

तर टेविता. तुझ्या क्लबात तुझ्या शेजारी खेळलेला, मूळचा टोंगाचा, युटाहात वाढलेला, दारातून आत यायला खांदे तिरके करावे लागतात असा. फ्यूनरल होममध्ये तो आला, सगळ्यांच्या पाया पडला. तू शिकवलं असशील. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "माउशी." आणि रडायला लागला. मग इंग्रजीत सांगायला लागला की तुमच्या चेंजिंग रूममध्ये सगळी टीम मुंगी म्हणायची. आणि हत्तीही. त्याचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा तो तुला फक्त "हत्ती" म्हणाला, आणि तू एका पायात बूट घातलेला, दुसरा हातात, तसाच त्याच्याजवळ येऊन फरशीवर बसलास. बाहेरून बोलावत होते तरी उठला नाहीस.

मला राग आला, ओज्या. शोकसभेत आला. माझा शब्द तू सगळ्या गावाला वाटलास. परक्या माणसाच्या हत्तीजवळ बसलास, आणि स्वतःचा कधी माझ्याकडे आणला नाहीस. मी टेविताला म्हणाले, "त्याने मला कधीच हत्ती म्हटलं नाही. त्याने शब्द मोडला."

तो गोंधळला. म्हणाला, "नाही माउशी. त्याने म्हटलं होतं. त्याने मला फोनवर सांगितलं. तुमच्या किचनमध्ये म्हटलं होतं. तो म्हणाला, मी मावशीला हत्ती आला म्हटलं आणि तिने मला तो उचलून आत ठेवायला लावला. हे सांगताना खूप हसला होता."

खोटं, मी ओरडले. ताईने दंड धरला. मी तो सोडवला आणि कोट न घालता बाहेर पडले.

उचलून आत ठेवायला लावला. पार्किंग लॉटच्या मध्यावर पोचले आणि मला माझ्या किचनचं ते मागचं दार दिसलं.

गणपतीचे दिवस. किचनमध्ये बायका मोदक वळताहेत, सगळ्या शेगड्या पेटलेल्या, माझ्या खांद्यात फोन अडकवलेला. नारळवाला म्हणतोय माल दोन दिवसांनी, आणि मी म्हणतेय बाप्पा दोन दिवस बाहेर थांबत नाही. त्या सकाळी मंडळाची मोठी मूर्ती ट्रकने यायची होती, माझ्या मागच्या खोलीत ठेवायला. मागचं दार उघडलं. काळा चष्मा. एक हात चौकटीला.

"मावशी, हत्ती आला."

"देवाला हत्ती म्हणतोस, गाढवा! बाप्पा म्हण! आडवा करू नकोस, सोंडेला धक्का लागेल. जा, उचलून आत घे."

बायका हसल्या. तूही हसलास. बाहेर गेलास.

ट्रक नंतर आला, ओज्या. तू बोललास तेव्हा दारात काहीच नव्हतं. ट्रक नंतर आला.

तू मूर्ती छातीशी धरून आत आणलीस, पाटावर ठेवलीस, तिच्यासमोर थोडा वेळ उभा राहिलास. मी फोनवरच होते. खुणेने म्हटलं, मोदक घे. तू एक घेतलास. "येतो, मावशी." खोबरं मला त्याच दिवशी मिळालं. तो सौदा मी जिंकले.

पण हे कसलं सांगणं? एकदा? गर्दीत, बायकांसमोर, माझ्या कानात नारळवाला? मी चुकीचं ऐकलं तर पुन्हा म्हणायचं ना! फोन माझ्या खांद्यातून ओढून फेकायचास. सहा वेळा पाडायचे तुला, सहा वेळा उठायचास आणि माझ्याकडे एकदा पडून उठलाच नाहीस? हत्ती मेला म्हणाला असतास, तर मी सगळं उकळतं टाकून धावले असते. "आला" म्हणालास. कारण मी म्हण म्हटलं होतं. शब्द इतका कुणी पाळतं का? मी 'नाही'सुद्धा म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी 'नाही' म्हणजे काय, हे तुला मीच शिकवलं होतं. बसायचं होतंस. माझ्या किचनमध्ये बसायचं होतंस, ओज्या. पहिल्याच बोलीला उठून गेलास.

मी आता नवीन सौदा करायला तयार आहे. ऐक. किचन देते. दुसरीकडे घर घेते, जिथे उजेड कमी येतो. हेल्मेटचं भांडण सोडते, म्हटलं होतं सोडणार नाही, सोडते. मला वर्षं नकोत. एक रविवार. नको? बरं, एक जेवण, आमटीत कितीही मीठ घाल. तेही नको? मग तेवढं दार. ते दार एकदा उघड आणि तेच शब्द पुन्हा म्हण. पुढचं काही मागत नाही. म्हण आणि जा हवं तर. मी बसलेली बघून जा.

कुणी समोर नव्हतं. मी त्या पार्किंग लॉटमध्ये बोलत होते, मोठ्याने, हात हलवून, जशी बाजारात बोलते. परत वळले आणि बर्फाच्या काचेवर पाय गेला. सपशेल पडले. कोपर, कंबर, डोक्याच्या मागे काहीतरी. वर आभाळ पांढरं होतं.

टेविता दारातून धावत आला. इतका मोठा माणूस, काळ्या सुटात. माझ्यावर वाकला, माझा चेहरा दोन हातांत धरला, आणि तुझ्याच आवाजातल्यासारखं, मोडकं, मराठीत विचारलं, "माउशी? मुंगी?"

मी मान हलवली. "नाही रे," मी म्हणाले. "हत्ती."

त्याने मला उठवलं नाही. कुणाला हाक मारली नाही. माझ्या डोक्याखाली स्वतःचा कोट सारला आणि त्या ओल्या बर्फावर माझ्या शेजारी, मांडी घालून, बसला. ताई दारात आली. तिनेही बघितलं, आणि तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, ती आली आणि दुसऱ्या बाजूला बसली. लोक काचेमागे जमा झाले होते.

मी एक शब्द बोलले नाही, ओज्या. मला जमत होतं.